‘वुड’च्या पुढे विशेषण की क्रियाविशेषण?

वाचकाचे पत्र: “मी नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे निर्यात करणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात नोकरी करते. माझे सारे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून आता रॉटरडॅमच्या खरेदीदारांना रोज इंग्रजीतून मेल लिहावे लागतात. गेल्या आठवड्यात मी एका मेलमध्ये ही तीन वाक्ये लिहिली होती: ‘इट वुड हेल्पफुल इफ यू सेंड द लेबल टुडे’, ‘इफ द कंटेनर वुड बी कूलर, द ग्रेप्स वुड रिमेन फ्रेशली’ आणि ‘वुड यू बी कन्व्हीनियंट टु टॉक अॅट फोर?’ वरिष्ठांनी तिन्ही वाक्ये बदलली, पण कारण सांगितले नाही. ‘वुड’ आले की पुढे विशेषण घ्यायचे की ‘ली’ लावून क्रियाविशेषण करायचे? ‘बी’ नेमके कुठे घालायचे? आणि ‘इफ’च्या भागात ‘वुड’ का चालत नाही? नियम पाठ करते, पण लिहिताना पुन्हा गोंधळ होतो. कृपया मार्गदर्शन करावे.”

उत्तर:

तुमच्या वरिष्ठांनी तिन्ही वाक्ये बदलली हे योग्यच झाले. परंतु कारण न सांगता केलेली दुरुस्ती पुढच्या मेलला उपयोगी पडत नाही, आणि म्हणूनच तुम्ही कारण विचारलेत याचे मला फार समाधान वाटले. पहिली गोष्ट ही की, पुढे विशेषण यावे की क्रियाविशेषण, हे ‘वुड’ ठरवीतच नाही. ‘वुड’ हे साहाय्यक क्रियापद आहे. जुन्या इंग्रजीत ते ‘इच्छिणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकाळी रूप होते. आज ती इच्छा मागे पडली असून संकेताचा (म्हणजे एखाद्या अटीवर अवलंबून असण्याचा), कल्पनेचा किंवा सौम्यतेचा अर्थ पुढे आला आहे. पण आपल्या मागोमाग दुसऱ्या क्रियापदाचे मूळ रूप हवे, ही त्याची अट तशीच राहिली आहे. ‘वुड’नंतर ‘गो’, ‘सेंड’, ‘बी’, ‘रिमेन’, ‘हॅव’ असे काहीतरी आलेच पाहिजे. मध्ये ‘नॉट’ किंवा ‘सर्टनली’ यांसारखा शब्द बसू शकतो, प्रश्न विचारताना कर्ता बसतो, परंतु विशेषण ‘वुड’ला थेट चिकटू शकत नाही. ‘इट वुड हेल्पफुल’ या वाक्यात मुख्य क्रियापदच नाही. ते ‘इट वुड बी हेल्पफुल’ असे लिहावे लागते.

ही चूक मराठी माणसाच्या हातून वारंवार होते आणि तिचे मूळ आपल्या क्रियापदांच्या रचनेत आहे. ‘तुम्ही आज लेबल पाठवलेत तर बरे होईल’ या वाक्यातील ‘होईल’ हा एकच शब्द दोन कामे करतो: असण्याचा किंवा होण्याचा अर्थही तोच देतो आणि ‘तर’ने सूचित झालेला संकेतही तोच पेलतो. इंग्रजीने ही दोन कामे दोन शब्दांत वाटली आहेत. संकेत ‘वुड’कडे आहे आणि असणे ‘बी’कडे. ‘बरे होईल’ मनात धरून लिहिताना ‘बरे’साठी ‘हेल्पफुल’ आणि ‘होईल’साठी ‘वुड’ असा हिशेब होतो आणि ‘बी’ गळून पडते. त्यात भर अशी की आपण बोलताना ‘हे उत्तम’, ‘मुलगा हुशार’ अशी क्रियापद नसलेली वाक्ये सर्रास वापरतो, त्यामुळे क्रियापदाची उणीव कानाला खटकत नाही. तेव्हा मराठी वाक्यात ‘होईल’, ‘असेल’, ‘असता’ किंवा ‘ठरेल’ दिसले की त्याच्या जागी इंग्रजीत दोन शब्द लागणार, एवढे लक्षात ठेवले तरी पहिल्या प्रकारची चूक बहुतेक थांबेल.

आता विशेषण की क्रियाविशेषण हा तुमचा मुख्य प्रश्न. ‘वुड’कडे पाहू नका, त्याच्या पुढच्या क्रियापदाकडे पाहा. शाळेत आपण मराठी व्याकरणात अपूर्ण विधान क्रियापदे शिकलो होतो. ‘राम राजा झाला’ या वाक्यातील ‘झाला’ एकटे पुरे पडत नाही, त्याला ‘राजा’ हे विधानपूरक लागते. इंग्रजीतही अशी क्रियापदे आहेत: ‘बी’, ‘बिकम’, ‘सीम’, ‘अपिअर’, ‘लुक’, ‘साउंड’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘फील’, ‘रिमेन’, ‘स्टे’, ‘गेट’, ‘प्रूव्ह’ आणि काही प्रयोगांत ‘टर्न’, ‘ग्रो’, ‘गो’. ही क्रियापदे कृती सांगत नाहीत. कर्ता कसा आहे, कसा दिसतो, कसा राहतो किंवा कसा होतो, ते सांगतात. जे सांगायचे ते कर्त्याविषयी असल्यामुळे त्यांच्या पुढे विशेषण येते. तुमच्या वाक्यात ‘रिमेन’ आहे. द्राक्षे ताजी राहतील, म्हणजे ताजेपणा द्राक्षांचा आहे, राहण्याच्या रीतीचा नाही. म्हणून ‘द ग्रेप्स वुड रिमेन फ्रेश’. शंका आली तर त्या क्रियापदाच्या जागी ‘बी’ घालून पाहावे. ‘द ग्रेप्स वुड बी फ्रेश’ हे अर्थपूर्ण वाक्य होते, तेव्हा विशेषण बरोबर. शिवाय ‘फ्रेशली’ या शब्दाचा अर्थ ‘ताजेपणाने’ असा नसून बहुधा ‘नुकतेच’ असा असतो. ‘फ्रेशली पॅक्ड’ म्हणजे नुकतीच भरलेली पेटी. म्हणजे तुमच्या मूळ वाक्यात ‘ली’मुळे भलताच शब्द आला होता.

या यादीतील काही क्रियापदे दोन प्रकारे वापरली जातात आणि तिथे शिकणारा सर्वाधिक अडतो. परंतु याच ठिकाणी मराठी भाषकाला एक नैसर्गिक सोय आहे, जिचा उपयोग आपल्याकडे शिकवताना फारसा केला जात नाही. इंग्रजीत ‘लुक’ हे एकच क्रियापद आहे. आपल्याकडे ‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ अशी दोन आहेत. ‘टेस्ट’ एकच, आपल्याकडे ‘चाखणे’ आणि चवीला ‘लागणे’. ‘स्मेल’ एकच, आपल्याकडे ‘हुंगणे’ आणि ‘वास येणे’. ‘फील’ एकच, आपल्याकडे ‘चाचपणे’ आणि ‘वाटणे’. वाक्याचा अर्थ मराठीत करून पाहावा. ‘दिसणे’, ‘लागणे’, ‘वास येणे’, ‘वाटणे’ यांपैकी काही आले, तर इंग्रजीत विशेषण घ्यावे; ‘पाहणे’, ‘चाखणे’, ‘हुंगणे’, ‘चाचपणे’ आले, तर क्रियाविशेषण. ‘द इन्स्पेक्टर वुड टेस्ट द ग्रेप्स केअरफुली’ यात निरीक्षक काळजीपूर्वक चाखेल, म्हणून ‘केअरफुली’. ‘द ग्रेप्स वुड टेस्ट स्वीट’ यात द्राक्षे गोड लागतील, म्हणून ‘स्वीट’. त्याचप्रमाणे ‘द बायर वुड लुक क्लोजली अॅट द बॉक्सेस’ म्हणजे खरेदीदार पेट्या बारकाईने पाहील, तर ‘द बॉक्सेस वुड लुक क्लीन’ म्हणजे पेट्या स्वच्छ दिसतील. ‘वुड’ चारही वाक्यांत आहे आणि चारही वाक्यांत त्याचा या निवडीशी काही संबंध नाही.

मग ‘ली’ लावण्याचा मोह का होतो? आपल्याकडे ‘चांगला’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. ‘ती चांगली गाते’ आणि ‘ती साडी चांगली दिसेल’ या दोन्ही वाक्यांत ‘चांगली’ तोच आहे, किंबहुना पहिल्या वाक्यात क्रियेविषयी बोलत असूनही तो शब्द कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘वेल’ लागते, दुसऱ्याला ‘गुड’. ‘शी वुड सिंग वेल’, पण ‘द सारी वुड लुक गुड’. एखाद्या व्यक्तीला उद्देशून ‘यू वुड लुक वेल’ म्हटले, तर तिथे ‘वेल’ हे ‘निरोगी’ या अर्थाचे विशेषण होते आणि वाक्याचा रोख सौंदर्याकडून प्रकृतीकडे वळतो. त्याचबरोबर ‘ली’ हे क्रियाविशेषणाचे खात्रीचे चिन्ह नाही, हेही ध्यानात असावे. ‘कॉस्टली’, ‘टाइमली’, ‘फ्रेंडली’, ‘लाइकली’ ही विशेषणे आहेत आणि ‘अ डिले वुड बी कॉस्टली’ हे निर्दोष वाक्य आहे. उलट ‘हार्ड’, ‘लेट’, ‘फास्ट’ हे शब्द ‘ली’ न लावताच दोन्ही कामे करतात. ‘वी वुड वर्क हार्डली’ असे लिहिणाऱ्याला ‘आम्ही कसून काम करू’ असे म्हणायचे असते, परंतु ‘हार्डली’चा अर्थ ‘क्वचितच, जेमतेम’ असल्यामुळे तो नेमके उलटे आश्वासन देऊन बसतो.

एक थोडा सूक्ष्म प्रकार तुमच्या व्यवसायात रोज लागेल. ‘अराइव्ह’ हे क्रियापद वरच्या यादीत नाही, ते सरळ कृती सांगते. तरीही ‘विथ प्रॉपर कूलिंग, द ग्रेप्स वुड अराइव्ह फ्रेश’ हे वाक्य शुद्ध आहे, कारण पोहोचताना द्राक्षे कोणत्या अवस्थेत असतील ते इथे सांगायचे आहे. ‘द ग्रेप्स वुड अराइव्ह पंक्चुअली’ म्हटले, तर पोहोचण्याविषयी सांगितले गेले. मराठीत ‘ताजी पोहोचतील’ आणि ‘वेळेवर पोहोचतील’ हा भेद आपण सहज करतो. ‘ताजी’ हे रूप द्राक्षांच्या लिंगवचनाला धरून आहे, ‘वेळेवर’ कोणालाही धरून नाही. मात्र या कसोटीवर सर्वत्र विसंबता येणार नाही, कारण ‘चांगली गाते’मध्ये आपण आत्ताच पाहिले त्याप्रमाणे मराठी क्रियाविशेषणही कधीकधी रूप बदलते. म्हणून रूप न पाहता अर्थ विचारावा: हा गुण वस्तूचा की कृतीचा?

क्रियाविशेषण ‘वुड बी’च्या वाक्यात येतच नाही, असा समज मात्र करून घेऊ नका. ‘दॅट वुड बी एक्स्ट्रीमली हेल्पफुल’ यात ‘एक्स्ट्रीमली’ आहे. ते ‘हेल्पफुल’चे प्रमाण सांगते. ‘द शिपमेंट वुड प्रॉबेब्ली बी लेट’ यात ‘प्रॉबेब्ली’ संपूर्ण विधानाची शक्यता सांगते. दोन्ही ठिकाणी मूळ विशेषण आपल्या जागी शाबूत आहे. ‘टू’ हा शब्द मात्र जपून वापरावा. आपल्याकडे ‘टू गुड’ म्हणजे ‘फारच छान’ असे समजले जाते. व्यवहारातील इंग्रजीत ‘द बंचेस वुड बी टू लार्ज’ याचा अर्थ घड गरजेपेक्षा मोठे, म्हणून गैरसोयीचे, असा होईल आणि खरेदीदार ती तक्रार समजेल.

तुमच्या दुसऱ्या वाक्यातील दुसरी दुरुस्ती ‘इफ’च्या भागाची आहे. मराठीत ‘कंटेनर अधिक थंड असता, तर द्राक्षे ताजी राहिली असती’ असे म्हणताना दोन्ही भागांत संकेतार्थाचे रूप येते, ‘असता’ आणि ‘असती’. दोन्हीकडे सारखे रूप पाहून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड’ ठेवतो. इंग्रजीत अट सांगणारा भाग कल्पना दाखवण्यासाठी भूतकाळाचे रूप उसने घेतो आणि ‘वुड’ फक्त परिणामाच्या भागात येते. ‘इफ द कंटेनर वेअर कूलर, द ग्रेप्स वुड रिमेन फ्रेश.’ इथे एकवचनी कर्त्याला ‘वेअर’ लागले आहे, हा इंग्रजीतील जुन्या कल्पनार्थी रूपाचा अवशेष आहे. बोलण्यात ‘वॉज’ही ऐकू येते, पण औपचारिक लेखनात ‘वेअर’ अधिक शोभते. विशेषण दोन्ही भागांत आहे, ‘वेअर’नंतर ‘कूलर’ आणि ‘रिमेन’नंतर ‘फ्रेश’, आणि दोन्हीकडे ते आपल्या मूळच्या नियमानेच आले आहे.

वरचे इंग्रजी वाक्य आताच्या किंवा पुढच्या काल्पनिक स्थितीविषयी आहे. माल पोहोचून गेला असेल आणि जे घडले नाही त्याविषयी बोलायचे असेल, तर ‘इफ द कंटेनर हॅड बीन कूलर, द ग्रेप्स वुड हॅव रिमेन्ड फ्रेश’ असे लिहावे लागेल. इथे आणखी एक शब्द गळण्याची भीती असते, तो म्हणजे ‘बीन’. ‘इट वुड हॅव बीन बेटर’ या जागी ‘इट वुड हॅव बेटर’ असे लिहिलेले मी पुष्कळदा पाहते. ‘हॅव’ आले म्हणजे क्रियापद आले, असे वाटते. परंतु इथे ‘हॅव’ हेही साहाय्यकच आहे आणि असण्याचा अर्थ देणारे ‘बीन’ अजून यायचे आहे. याउलट ‘द ग्रेप्स वुड हॅव बेटर कलर’ हे वाक्य बरोबर आहे, कारण तिथे ‘हॅव’ हे ‘जवळ असणे’ या अर्थाचे मुख्य क्रियापद आहे आणि ‘बेटर’ हे ‘कलर’ या नामाला जोडलेले अधिविशेषण आहे. विशेषणाच्या पुढे नाम आहे की वाक्य तिथेच थांबते, हे पाहिले की दोन्हींतील भेद उघड होतो.

‘इफ’नंतर ‘वुड’ कधीच येत नाही असेही नाही. ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड सेंड द लेबल टुडे’ हे औपचारिक इंग्रजीत मान्य आहे. त्या दुसऱ्या ‘वुड’चा अर्थ ‘पाठवण्याची कृपा कराल’ असा आहे, म्हणजे जुन्या इच्छेचा अर्थ तिथे अजून जिवंत आहे. कंटेनरला थंड होण्याची इच्छा असू शकत नाही, म्हणून तुमच्या वाक्यात ते बसले नाही. रोजच्या मेलसाठी मी ‘इफ यू कुड सेंड’ हे सुचवेन. पहिल्या वाक्यात तुम्ही ‘इफ यू सेंड’ लिहिले होते. ते भारतात पुष्कळ जण लिहितात आणि समजतेही, पण ‘वुड बी’शी जुळणारे रूप ‘सेंट’ किंवा ‘कुड सेंड’ हे आहे.

आता अशा एका गोष्टीकडे वळते जी तुम्ही विचारलेली नाही, परंतु व्यापारी पत्रव्यवहारात मी तिला व्याकरणाच्या इतर चुकांहून अधिक महत्त्वाची मानते. आपल्या कार्यालयांत ‘वुड’ हे ‘विल’चे अधिक सभ्य रूप आहे अशा समजुतीने वापरले जाते. ‘अवर ऑफिस वुड बी क्लोज्ड ऑन मंडे’ अशी सूचना कितीतरी ठिकाणी लावलेली दिसते. विशेषण बरोबर आहे, ‘बी’ही आहे, तरी वाक्य चुकीचा संदेश देते, कारण ‘वुड’ वाचल्याबरोबर वाचणारा मनात विचारतो, कोणती अट पुरी झाली तर? सुट्टी ठरलेली असेल, तर ‘विल बी क्लोज्ड’. ‘द प्राइस वुड बी हायर’ म्हणजे अमुक झाले तर दर जास्त पडेल. ‘द प्राइस विल बी हायर’ म्हणजे दर वाढणार हे ठरले आहे, कळवत आहोत. ‘द शिपमेंट वुड बी लेट’ असे तुम्ही लिहिले आणि रॉटरडॅमच्या खरेदीदाराने तो केवळ अंदाज समजून आपली पुढची व्यवस्था बदललीच नाही, तर नुकसान दोघांचेही होईल. तुमचे बहुतेक वाचक डच आहेत, म्हणजे इंग्रजी त्यांनीही शिकूनच घेतलेले आहे. तुमचा हेतू ते शब्दांतूनच घेणार. सभ्यतेसाठी वापरलेला ‘वुड’ त्यांना शंका वाटेल. विनंती, प्रस्ताव आणि कल्पना यांसाठी ‘वुड बी’ ठेवावे आणि ठरलेल्या गोष्टीसाठी ‘विल बी’.

तिसऱ्या वाक्याची अडचण निराळी आहे. ‘वुड यू बी कन्व्हीनियंट’मध्ये ‘बी’ आहे, विशेषण आहे, रचना वरवर निर्दोष आहे. पण ‘कन्व्हीनियंट’ हा गुण माणसाला लावला गेला आहे. सोयीची वेळ असते, जागा असते, व्यवस्था असते. माणूस ‘सोयीचा’ म्हटला, तर त्याला वापरून घेण्यासारखा अर्थ निघतो. मराठीत आपण ‘तुम्हाला सोयीचे होईल का’ असे चतुर्थी विभक्तीने विचारतो आणि इंग्रजी करताना ‘तुम्हाला’चा ‘यू’ होऊन तो थेट कर्त्याच्या जागी जातो. इंग्रजीत त्या जागी ‘इट’ बसवावे लागते आणि माणूस ‘फॉर’बरोबर मागे जातो: ‘वुड इट बी कन्व्हीनियंट फॉर यू टु टॉक अॅट फोर?’ ‘पॉसिबल’, ‘नेसेसरी’, ‘डिफिकल्ट’, ‘ईझी’ यांचीही हीच तऱ्हा आहे. ‘मला यायला कठीण जाईल’ हे ‘आय वुड बी डिफिकल्ट टु कम’ असे न होता ‘इट वुड बी डिफिकल्ट फॉर मी टु कम’ असे होते.

परंतु ‘मला’ दिसले की ‘इट’ घालावे असा नियम करता येणार नाही. ‘मला आनंद होईल’ यातही चतुर्थीच आहे आणि तरी इंग्रजीत ‘आय वुड बी हॅपी’ असाच कर्ता येतो. म्हणून विशेषणाला प्रश्न विचारावा: हा गुण माणसाच्या मनाचा किंवा तयारीचा आहे का? ‘हॅपी’, ‘ग्लॅड’, ‘ग्रेटफुल’, ‘विलिंग’, ‘रेडी’, ‘एबल’, ‘सॉरी’ हे माणसाचे आहेत, त्यांच्याबरोबर ‘आय’, ‘वी’, ‘यू’ हे कर्ते निःशंकपणे ठेवावे. ‘कन्व्हीनियंट’, ‘पॉसिबल’, ‘नेसेसरी’ हे परिस्थितीचे आहेत. ‘डिफिकल्ट’ आणि ‘ईझी’ मध्ये उभे आहेत आणि त्यांच्या बाबतीत अर्थ फिरतो. ‘द बायर वुड बी डिफिकल्ट टु कन्व्हिन्स’ हे शुद्ध वाक्य आहे, पण त्याचा अर्थ ‘खरेदीदाराला पटवणे आपल्याला कठीण जाईल’ असा आहे. कठीण पडते ते पटवणाऱ्याला. याच रचनेत ‘दीज बॉक्सेस वुड बी ईझी टु ओपन’ असे वाक्य येते आणि त्याच्या शेवटी ‘देम’ जोडायचे नसते, कारण पेट्यांचा उल्लेख आधीच होऊन गेला आहे. आणि इंग्रजीची एक लहर अशी की ‘द बॉक्सेस वुड बी इम्पॉसिबल टु ओपन’ चालते, पण त्याच जागी ‘पॉसिबल’ बसत नाही. तिथे ‘इट वुड बी पॉसिबल टु ओपन द बॉक्सेस’ असेच म्हणावे लागते. हे तर्काने निघत नाही, वाचून अंगवळणी पडते.

‘इंटरेस्टेड’ आणि ‘इंटरेस्टिंग’ यांचा घोळही याच कुळातला आहे. ज्याला रस वाटतो तो ‘इंटरेस्टेड’, जे रस उत्पन्न करते ते ‘इंटरेस्टिंग’. ‘वी वुड बी इंटरेस्टेड इन युअर ऑफर’ असे लिहावे.

कधी विशेषण कर्त्याऐवजी कर्माविषयी बोलते. ‘प्रॉपर कूलिंग वुड कीप द ग्रेप्स फ्रेश’, ‘युअर रिप्लाय वुड मेक अवर वर्क ईझी’, ‘वी वुड फाइंड इट डिफिकल्ट टु चेंज द लेबल नाउ’ या वाक्यांत ताजी राहतील ती द्राक्षे, सोपे होईल ते काम, कठीण जाईल ते लेबल बदलणे. इथेही गुण वस्तूचाच आहे, म्हणून ‘फ्रेशली’ किंवा ‘ईझिली’ नाही. तुमच्या मेलमध्ये ‘मेक’, ‘कीप’ आणि ‘फाइंड’ ही तीन क्रियापदे आली की कर्मानंतरच्या शब्दाकडे एकदा नजर टाकावी.

‘बेटर’विषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. ‘यू’ला ‘ड’ जोडून बोलले जाणारे ‘यू’ड बेटर सेंड’ ऐकून अनेकांना ते ‘वुड बेटर’ वाटते. तो ‘ड’ ‘हॅड’चा आहे, ‘वुड’चा नाही. ‘यू हॅड बेटर सेंड द लेबल टुडे’ याचा सूर सल्ल्याचा असला तरी त्यात ‘नाहीतर परिणाम भोगावे लागतील’ अशी धार असते, त्यामुळे ग्राहकाला असे कधीही लिहू नये. ‘इट वुड बी बेटर इफ यू सेंट द लेबल टुडे’ हे वाक्य तेच सांगते आणि समोरच्याचा मान राखते. ‘बेटर’च्या आधी ‘मोअर’ लावायचे नसते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. फार सांगायचे असल्यास ‘मच बेटर’.

आणि जिथे वाक्य लांबवण्याची गरज नसते, तिथे इंग्रजीत ‘इफ’च्या पुढचे कर्ता आणि क्रियापद दोन्ही गाळून केवळ विशेषण ठेवण्याची पद्धत आहे: ‘इफ पॉसिबल’, ‘इफ नेसेसरी’, ‘इफ कन्व्हीनियंट’. परिस्थितीची विशेषणे इथे विशेष शोभतात.

तुमचा मेल या सगळ्याला धरून असा होईल: ‘इट वुड बी हेल्पफुल इफ यू कुड सेंड द लेबल टुडे. इफ द कंटेनर वेअर कूलर, द ग्रेप्स वुड रिमेन फ्रेश. वुड इट बी कन्व्हीनियंट फॉर यू टु टॉक अॅट फोर?’ यातील दुसरे वाक्य पाठवण्यापूर्वी मात्र एकदा विचार करा. ‘वेअर कूलर’ म्हटल्यावर कंटेनर सध्या पुरेसा थंड नाही, असा त्याचा अर्थ होतो. तुम्हाला केवळ तापमानाची सूचना द्यायची असेल, तर ‘प्लीज कीप द कंटेनर कूल सो दॅट द ग्रेप्स रिमेन फ्रेश’ हे पुरे आहे आणि त्यात दोषारोपाची छटा नाही.

नियम पाठ करूनही लिहिताना गोंधळ होतो, असे तुम्ही म्हणता. त्याला माझा उपाय असा की नियमांची वही बाजूला ठेवून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम तयार केलेला शब्दकोश टेबलावर ठेवावा. इंग्रजी-मराठी कोश या कामाला अपुरा पडतो, कारण तो अर्थ सांगतो, पण शब्द वाक्यात कसा बसतो ते सांगत नाही. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत असताना, इंग्रजी कानावर न पडता पुस्तकातून शिकणाऱ्यांची हीच अडचण त्यांच्या समोर होती. त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ मध्ये जपानमध्ये छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आजही मिळतात. अशा कोशात ‘रिमेन’ काढून पाहिले की ‘लिंकिंग व्हर्ब’ अशी खूण दिसते, म्हणजे पुढे विशेषण घ्यावे. ‘कन्व्हीनियंट’ काढले की त्याच्या नमुन्यांत ‘फॉर’ दिसते. ‘एबल’जवळ ‘टु’ दिसते, ‘इंटरेस्टेड’जवळ ‘इन’ दिसते. मेल पाठवण्यापूर्वी सगळेच शब्द तपासत बसू नका, तेवढा वेळ निर्यातीच्या हंगामात कोणाकडेच नसतो. ‘वुड’च्या पुढचे क्रियापद आणि त्याच्या पुढचे विशेषण, एवढे दोनच शब्द पाहा; आणि जे दोन शब्द पाहिले त्यांचे कोशातील उदाहरणवाक्य आपल्या कामाच्या शब्दांत, द्राक्षे, पेटी, लेबल, कंटेनर घालून, एकदा लिहून ठेवा. पुढच्या मेलला ते तसेच वापरता येईल.